आधी कृपा, मग काम: ख्रिस्ती श्रद्धेत आनंद आणि जगण्याचा उद्देश कसा सापडतो

दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं येत राहतात. 1948 मध्ये तिथे नोव्हेनाची, म्हणजे नऊ वेळा सलग करायची, प्रार्थना सुरू झाली आणि तेव्हापासून बुधवार म्हटलं की माहीम, हे मुंबईकरांच्या डोक्यात पक्कं बसलंय. येणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, तसे इतर धर्मांचेही असतात. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, तेव्हा टेकडीवर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ, मेणाचं छोटंसं घर मांडलेलं असतं. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, मूल हवं असलेली बाळ घेते, भाड्याच्या खोलीत वर्षं काढलेला घर घेतो. मोत मावलीपुढे, म्हणजे तिथल्या मरियामातेपुढे, ते वाहायचं आणि मनातलं सांगायचं.

माझ्या ओळखीतले कितीतरी मराठी लोक ख्रिस्ती श्रद्धेला इथूनच ओळखतात. अडचण आली, नवस बोलला, फेडला. यात वाईट काही नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, त्याच्याकडे जी माणसं आली, त्यांतली बहुतेक गरजेपोटीच आली होती. कुणाला दिसत नव्हतं, कुणाची मुलगी मरणाच्या दारात होती, एका लग्नघरात तर द्राक्षारस संपला होता. "आधी धर्म शिकून या, मग मागा" असं तो कुणालाही म्हणाला नाही. पण हेच लोक कधीतरी मला विचारतात: मागितलेलं मिळालं की कुणालाही आनंद होणार, त्यात तुमच्या श्रद्धेचं वेगळं काय? आणि नाही मिळालं तर? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर समजायचं असेल तर ख्रिस्ती शिकवणीत कुठली गोष्ट आधी येते आणि कुठली नंतर, हे नीट बघावं लागतं. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

आधी काय, नंतर काय

धर्माचं एक सरळ गणित बहुतेकांच्या मनात असतं. चांगलं वागायचं, नेमधर्म पाळायचा, मग देव प्रसन्न होतो आणि फळ मिळतं. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांच्या मनातही हेच असतं, आमच्या बायबल वर्गात मी ते वर्षानुवर्षं पाहतोय. एकही रविवार चुकवला नाही, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मटण सोडलं, कमाईचा दहावा हिस्सा चर्चला दिला. आता देवाने आपल्याकडे बघायला नको का?

पौल प्रेषिताने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हे गणित फिरवून मांडलंय. दुसऱ्या अध्यायातली आठ, नऊ आणि दहा ही वचनं सलग वाचावीत, तुकडे करू नयेत. आठव्यात तो सांगतो की तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने झालं आहे, ते देवाचं दान आहे. नवव्यात सांगतो की ते तुमच्या कर्मांमुळे झालेलं नाही, म्हणून कुणी मिरवू नये. लगेच दहाव्यात सांगतो की आपल्याला सत्कृत्यं करण्यासाठीच घडवलेलं आहे, आणि ती सत्कृत्यं देवाने आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे काम आहेच, भरपूर आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर कृपा: ज्याची आपण काही किंमत मोजलेली नाही असं प्रेम. येशूच्या क्रूसावरच्या मरणात आणि पुनरुत्थानात देवाने स्वतःहून माणसाशी नातं जोडलं, त्याची लायकी तपासत बसला नाही, हा या श्रद्धेचा पाया आहे.

मुंबईकराला हे पटकन कळावं म्हणून मी वर्गात घराचं उदाहरण देतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस भाडं एक तारखेला भरतो, भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारून ठोकतो, आणि मालकाचा फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो. मालकाचा मुलगाही त्याच इमारतीत राहतो. तोही पाणी भरतो, दिवा बदलतो, आईला दवाखान्यात नेतो, कदाचित भाडेकरूपेक्षा जास्तच राबतो. पण आपल्याला कुणी बाहेर काढेल, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. ख्रिस्ती माणूस ज्याला प्रभूतला आनंद म्हणतो तो या मुलाचा आनंद आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला अनेकांना माहीत असतो. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, पैसा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. लोक इथेच थांबतात. मला त्यातला थोरला मुलगा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो शेतातून दमून येतो, घरात गाणी आणि नाच चाललेला ऐकतो आणि आत जायला नकार देतो. इतकी वर्षं मी राबलो, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, मला मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूही दिलं नाहीत, ही त्याची तक्रार. बाप त्याला म्हणतो, बाळा, तू तर कायम माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे घर त्याचंच होतं, आणि तो त्यात नोकरासारखा राहिला. धार्मिक माणसाचा आनंद नेमका कसा आटतो, याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. दाखला संपतो तेव्हाही तो अंगणातच उभा आहे. आत गेला की नाही, येशूने सांगितलेलं नाही.

चौपाटीवरचं शारदा सदन

हा क्रम एखाद्याच्या आयुष्यात कसा दिसतो, हे पाहायला पंडिता रमाबाईंपेक्षा जवळचं उदाहरण मराठी माणसाला मिळणार नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. आईवडील दुष्काळात गेले, बहीण गेली, मग भाऊ गेला. 1880 मध्ये बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं आणि दोन वर्षं होत नाहीत तोच पतीही वारले. पदरात छोटी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत विधवांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

बाहेरून पाहिलं तर यात कसली कमतरता दिसते? संस्कृतची प्रकांड विद्वत्ता, जगभर नाव, आणि ज्यासाठी जीव टाकावा असं काम. आजच्या भाषेत ज्याला उद्देश म्हणतात तो त्यांच्याकडे काठोकाठ होता. तरीही 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, त्यांनी प्रांजळपणे नोंदवलंय की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. तोवर त्या शिकवण पटवून घेत होत्या, चांगलं वागत होत्या, झटत होत्या, आणि मनाला शांती नव्हती. मग त्यांनी स्वतःला जसं आहे तसं, काही सिद्ध न करता, ख्रिस्ताच्या हवाली केलं. त्यानंतरच्या आनंदाबद्दल त्या मोकळेपणाने लिहितात.

आणि काम? ते थांबलं नाही, उलट वाढलं. 1896 आणि 97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून उपासमारीने मरणाऱ्या बायका आणि मुली आणल्या, पुण्याजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे बायका विणायला शिकल्या, शेती करायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणत होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, पण त्याआधी भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. शारदा सदन चालवणाऱ्या बाई आणि मुक्ती मिशन चालवणाऱ्या बाई एकच. कष्टही तेच. पण आता त्या कष्टांमधून त्यांना देवाकडे काही सिद्ध करायचं उरलेलं नव्हतं.

उद्देश म्हणजे मोठं काहीतरी करणं का?

ज्या चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं, तिथेच विल्सन कॉलेज आहे. ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या 1832 सालच्या शाळेतून वाढलं. स्कॉटिश मंडळींच्या घरांत मुलांना एक प्रश्नोत्तरी पाठ करायला लावत, 1647 सालची. तिचा पहिलाच प्रश्न: माणसाच्या जीवनाचा मुख्य हेतू काय? उत्तर: देवाचं गौरव करणं आणि त्याच्या सहवासाचा सदासर्वकाळ आनंद घेणं. शिस्तीसाठी आणि कडकपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी उद्देश आणि आनंद एकाच वाक्यात बसवले, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

पण देवाचं गौरव करायचं म्हणजे सोमवारी सकाळी 8.12 च्या लोकलमध्ये लटकणाऱ्या माणसाने काय करायचं? युरोपात कित्येक शतकं असा समज होता की देवाचं पाचारण फक्त धर्मगुरूंना, मठवासींना आणि धर्मभगिनींना होतं. बाकीच्यांनी पोटापाण्याचं बघावं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात याला जोरात हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं की गाईचं दूध काढणारी मोलकरीण, जोडे शिवणारा चांभार, बाळाचे लंगोट धुणारा बाप, या सगळ्यांना पाचारण आहे. देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे; देव शेजाऱ्याची काळजी आपल्या हातांनी घेतो.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. त्यासाठी अंगठ्याएवढे काचेचे पेले असतात, ट्रेच्या भोकांत गोलाकार बसवलेले. शनिवारी संध्याकाळी एक मावशी ते धुतात. पालिकेच्या हॉस्पिटलात जन्मभर सिस्टर म्हणून काम केलेल्या, आता निवृत्त. कोमट पाण्यातून एकेक पेला काढायचा, बोटाला पंचाचं टोक गुंडाळून आतून फिरवायचा, खिडकीच्या उजेडाकडे धरायचा, पुसट डाग दिसला तरी परत पाण्यात. मी एकदा म्हटलं, मावशी, एवढं कोण बघणार आहे? त्या म्हणाल्या, "अरे, वॉर्डात सुया उकळताना तरी कोण बघायचं? ज्याला टोचायची, तो आपल्या भरवशावर हात पुढे करतो ना!"

मावशींना जीवनाचा उद्देश या विषयावर बोलायला उभं केलं, तर त्या दोन वाक्यांत खाली बसतील. पण वॉर्डातल्या सुया आणि वेदीवरचे पेले यांत त्यांनी कधी फरक केला नाही. ल्यूथरला जे म्हणायचं होतं ते त्यांच्या हातात आहे.

दोन रस्ते समोर असतील तर

तरुण मुलांचा प्रश्न वेगळा असतो. सगळी कामं देवाला चालतात हे ठीक, पण मी कुठलं करू? नोकरी टिकवू की सोडू, लग्न करू की थांबू, परदेशी जाऊ की आईवडिलांजवळ राहू?

याबाबत मला सगळ्यात उपयोगी वाटलेली शिकवण इग्नेशिअस लोयोला यांची आहे. धोबी तलावचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्या जेज्विट या कॅथोलिक धर्मसंघाचं, तो संघ त्यांनी स्थापन केला. आधी ते मानमरातबाच्या मागे लागलेले शिपाईगडी होते. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहावं लागलं. हाताशी फक्त ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचे. एक, दरबारातलं शौर्य आणि एका थोर घराण्यातल्या स्त्रीची मर्जी. दुसरं, संत फ्रान्सिससारखं सगळं सोडून देवाच्या मागे जाणं. रंगवताना दोन्ही गोड वाटायची. फरक नंतर कळायचा. पहिलं स्वप्न सरलं की मन कोरडं आणि चिडचिडं व्हायचं. दुसरं सरल्यावरही समाधान टिकून राहायचं.

एवढ्या निरीक्षणावर त्यांनी पुढे निर्णय घेण्याची पद्धतच बसवली. समोर दोन चांगले पर्याय असतील तर काही दिवस पहिला निवडलाय असं धरून जगायचं, मग काही दिवस दुसरा. रोज रात्री प्रार्थनेत बघायचं की मनात मागे काय उरतं: विश्वास, आशा, माणसांबद्दल जिव्हाळा वाढतोय, की धडपड, स्वतःभोवती फिरणं आणि ओढाताण? क्षणाचा हुरूप मोजायचा नाही, मागे उरलेलं मोजायचं. त्यांचा आणखी एक नियम मी प्रत्येकाला सांगतो: मन खिन्न असताना, देव दूर वाटत असताना, आधी स्वस्थ मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. आणि हे सगळं एकट्याने करू नये. पाळक, फादर किंवा विश्वासात मुरलेली एखादी वडीलधारी व्यक्ती सोबत असावी, कारण स्वतःच्या इच्छेला देवाची इच्छा समजणं फार सोपं आहे.

आणि दुःख आलं की?

इथे काही ठिकाणी फार चुकीचं शिकवलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. विश्वास ठेवा म्हणजे कर्ज फिटेल, व्हिसा लागेल, आजार पळेल, आणि नाही झालं तर तुमचा विश्वास कमी पडला, असं कुणी सांगत असेल तर ते शुभवर्तमान नाही. आधीच पिचलेल्या माणसाच्या डोक्यावर ते दोषाचं ओझं ठेवतं. येशू स्वतः अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत रडवेला झाला होता, समोरच्या दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करत होता. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायचं का?

फिलिप्पैकरांस पत्रात पौल पुन्हा पुन्हा आनंद करा म्हणतो. ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिलंय. सुटका होईल की मरण येईल, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो की असेल त्या परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो, म्हणजे एका रात्रीत झालं नाही.

बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून म्हणाला की आता मला मरण दे. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग दूत पाठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला: कित्येक वर्षं त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती, आणि त्या रोज पहाटे उठून प्रार्थना आणि मग आजाऱ्यांची सेवा करत राहिल्या. भावना आटली तरी नातं तुटत नाही. घरचं मूल तापात बरळलं म्हणून परकं होत नाही.

नैराश्याचा आजार ही मात्र स्वतंत्र गोष्ट आहे. झोप उडाली, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, अशी स्थिती असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. प्रार्थना करणाऱ्याने गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं बायबलमध्ये कुठेही नाही. लूक स्वतः वैद्य होता.

कुठून सुरुवात करावी

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचा, मग फिलिप्पैकरांस पत्र. ते अवघं चार अध्यायांचं आहे, बोरीवली ते चर्चगेट धीम्या गाडीत आरामात वाचून होतं. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं इग्नेशिअसच्या पद्धतीने दिवस आठवा: कशासाठी आभार मानावेसे वाटतात, कुठे मन उघडं झालं, कुठे आवळलं, कुणाची क्षमा मागायची आहे, उद्या काय हवंय. शब्द सुचले नाहीत तरी चालतं.

धर्म बदलावा लागेल का, हे बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. वाचायला आणि प्रार्थना करायला काहीच बदलावं लागत नाही. बाप्तिस्मा हा सुजाण माणसाने स्वतःच्या मनाने, सावकाश घ्यायचा निर्णय आहे. कुणी त्यासाठी घाई करत असेल, आमिष दाखवत असेल किंवा भीती घालत असेल, तर तिथून उठून यावं.

आणि एखाद्या रविवारी जवळच्या मराठी उपासनेला किंवा मिस्साला, म्हणजे कॅथोलिक उपासनेला, जाऊन बसा. ओळख लागत नाही. मागच्या बाकावर बसलात तरी चालेल, गाणी येत नसली तर नुसती ऐका, प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच थांबलात तर कुणी वावगं मानत नाही. संपल्यावर पाळकांना किंवा फादरना गाठून मनातलं विचारा. बहुतेक ठिकाणी नंतर चहा असतो, त्यामुळे कुणी घाईत नसतं.